युरियानं जिवाणू मरायलेत का हो?

खरीप तोंडावर आला की या पानाकडं येणारे प्रश्न ठरलेले असतात, कोणतं वाण घेऊ, बियाणं किती लागंल, डीएपी खत कुठं मिळंल. या वेळी मात्र निम्मे प्रश्न मातीतल्या जिवाणूंवरचे आहेत. कारण सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतोय, त्यात एक काका ओंजळीत माती घेऊन सांगतात की युरियाच्या एका पोत्यानं एकरातले सगळे जिवाणू खलास होतात. दुसरीकडं दुकानदार म्हणतो तसलं काही नसतं, एक बॅग जास्तीच टाका. दोघांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. निवडक प्रश्न घेतलेत, लांबलचक पत्रं थोडी कापलीत, राग नसावा.

सर, मव्हं सहा एकर काळं रान हाय. वडील होते तवा दरसाल शेणखत पडायचं, आता लई वर्षं झाले नुसत्या बॅगा चालू हायेत. व्हिडिओत सांगायलेत की युरियानं जिवाणू मेले म्हणून रान कडक झालं. मंग युरिया बंदच करू का?
— एक वाचक, ता. मानवत, जि. परभणी

दादा, लगेच बंद करू नका, आधी युरियाचं मातीत काय होतं ते बघू. युरिया झाडाला तसाच्या तसा फारसा लागू होत नाही. ओल लागली की त्याच्यावर युरिएज नावाचं विकर म्हणजे एन्झाइम काम करतं, आणि हे विकर मातीत येतं कुठून तर मुख्यतः जिवाणू आणि बुरशीकडूनच. दोन-चार दिवसांत युरियाचं अमोनियम होतं, मग नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट कपाशीची मुळी ओढून घेते. म्हणजे तुमच्या बॅगेचा पैसा वसूल करून देणारे हेच जिवाणू. एका पोत्यानं सगळे मेले असते तर पुढच्या वर्षीच्या युरियाचं नायट्रेट करायला कोण उरलं असतं?

गंमत म्हणजे 2015 पासून आपल्याकडं मिळणारा जवळजवळ सगळा युरिया निंबोळी तेलाचं कोटिंग केलेला असतो, आणि ते कोटिंग काय करतं तर याच नायट्रोसोमोनासला काही दिवस सुस्त करतं, म्हणजे नायट्रेट हळूहळू तयार व्हावं आणि पाण्याबरोबर वाहून जाऊ नये. मारत नाही, दमानं चालायला लावतं.

आता व्हिडिओत खरं किती ते पण सांगतो. युरियाचा दाणा जिथं पडतो तिथं, अगदी दाण्याभोवतीच्या थोड्या मातीत, सामू म्हणजे रिपोर्टवरचा पीएच (7 च्या खाली आम्ल, वर अल्क) 9 च्या आसपास जाऊ शकतो आणि अमोनिया वायू तयार होतो. तेवढ्या जागेतले जिवाणू मार खातात, हे खरं. पण ती जागा बोटाच्या पेराएवढी, आणि काही आठवड्यात आजूबाजूचे जिवाणू तिथं परत वस्ती करतात. तोच युरिया तुम्ही मूठ-मूठ ढीग करून एकाच जागी टाकला, किंवा उघड्यावर फेकून वर पाऊसच आला नाही, तर नुकसान जास्त. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात वर पडलेल्या युरियातला मोठा वाटा अमोनिया होऊन हवेत जातो, नाकाला झोंबतो तो वास म्हणजे तुमचेच पैसे.

दुसरी एक गोष्ट सगळीकडं सांगितली जाते की रासायनिक खतानं जमीन आम्लधर्मी होते आणि त्यानं जिवाणू मरतात. हे खोटं नाही पण ते आपल्या गावचं नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला 1856 पासून एक गवताचा प्रयोग चालू आहे, तिथं ज्या पट्ट्यांत वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट टाकलं आणि चुना टाकला नाही तिथला सामू 4 च्या खाली गेला, आणि हाल असे की मेलेलं गवत कुजायलाच कोणी शिल्लक नाही, वर नुसती न कुजलेल्या गवताची गादी साचली. आपल्याकडं कोकणात किंवा कोल्हापूरच्या लाल मातीत ही भीती घालायला हरकत नाही, पण मराठवाड्याच्या काळ्या रानाचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, खाली चुन्याचे खडे, तिथं तयार झालेलं आम्ल चुना तिथल्या तिथं मारून टाकतो. तुमच्या मातीला आम्ल व्हायला तुमच्या नातवाच्या नातवाची वाट बघावी लागंल.

2014 साली कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी जगभरातल्या 64 दीर्घकालीन प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. निघालं असं की रासायनिक खत टाकलेल्या प्लॉटमध्ये सूक्ष्मजीवांचं एकूण वजन, काहीच न टाकलेल्या प्लॉटपेक्षा सरासरी 15 टक्के जास्त होतं, आणि जिथं प्रयोग वीस वर्षांच्या वर चालला तिथं तर वाढ आणखी जास्त. कमी झालं ते सामू 5 च्या खाली गेलेल्या ठिकाणी. कारण सोपं आहे, खतानं पीक जोमात आलं, मुळ्या वाढल्या, पालापाचोळा जास्त पडला, जिवाणूंना खायला मिळालं.

मग तुमचं रान कडक कामून झालं? तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा, शेणखत बंद झालं. जिवाणू नत्रावर जगत नाहीत, कार्बनवर जगतात. नुसत्या बॅगा म्हणजे ताटात चटणी आहे आणि भाकरच नाही. त्यात सोयाबीनची गुळी म्हणजे भुसकट ढीग लावून रानाबाहेर गेली, पऱ्हाटी पेटवली, तुरीच्या तुराट्या चुलीला, मग रानात राहिलं काय? मातीचे बारीक कण एकमेकांना धरून ठेवतात ते बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकट पदार्थ. तो कमी झाला की पावसानं माती बसते आणि उन्हानं दगड होतो. वरून दरसाल रोटाव्हेटर, म्हणजे वर पीठ आणि चार-पाच इंचावर टणक थर. मातीपरीक्षण करा आणि सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे याच कार्बनचा रकाना बघा, 0.5 टक्क्याच्या खाली असंल तर तो कमी समजा. मृद आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी असतात पण जिवाणूंचा रकाना नसतो, त्यांची खबर याच कर्बाच्या आकड्यावरून घ्यायची. सहाही एकरला शेणखत पुरणार नाही हे मला कळतं, दरसाल दोन एकर घ्या, फिरवत राहा. आणि युरिया टाकायचाच आहे तर ओलीवर, दोन-तीन हप्त्यांत, कोळपणीच्या आधी, म्हणजे मातीआड होईल.

सोयाबीन 25 दिवसांचं झालं की आमच्याकडं समदे एकरी एक पोतं युरिया फेकतेत. काळंभोर होतं पण शेंगा कमी लागतेत. गाठीवर याचा काही परिणाम होतो का?
— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

होतो, आणि या एका ठिकाणी मी युरियाच्या पूर्ण विरोधात आहे.

सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीत ब्रॅडीरायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. झाड त्यांना पानात तयार केलेली साखर देतं आणि ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. हा सौदा झाडाला फुकट पडत नाही, साखर खर्च होते. त्यामुळं मातीत आयतं नायट्रेट दिसलं की झाड हा खर्च बंद करतं, नवीन गाठी धरत नाही आणि असलेल्या गाठींचं काम मंदावतं. जिवाणू मेले असं नाही, मातीत ते असतातच, झाडानं त्यांना घरात घेतलं नाही एवढंच. तुमच्या पोत्यात 45 किलो युरिया म्हणजे साधारण 20 किलोच्या वर नत्र. आणि पूर्ण हंगामासाठी सोयाबीनची शिफारस किती, तर हेक्टरी 30 किलो नत्र, 60 स्फुरद (फॉस्फरस), 30 पालाश (पोटॅश), म्हणजे एकरी 12, 24 आणि 12. ते 12 किलो पण पेरतानाच, गाठी कामाला लागंपर्यंतची सोय म्हणून. पेरताना एक बॅग डीएपी टाकली असंल तर 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद आलंच की. वरून अजून 20 म्हणजे तुम्ही गाठींना सुट्टीच दिली. पिकाला गाठी चांगल्या धरलेल्या असतील तर गरजेच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त नत्र ते हवेतून घेतं. त्यावर पाणी सोडून पैसे देऊन नत्र आणायचं, वर पालाच माजणार, दाटी होणार, किडीला घर होणार.

मी तर म्हणतो डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट वापरून बघा, एकरी तीन बॅगा म्हणजे 24 किलो स्फुरद आणि सोबत गंधक पण येतं, ते तेलबियाला लागतंच. नत्रासाठी मग 25 किलोच्या आसपास युरिया पेरताना, बस. डीएपीसाठी रांगेत उभं राहायचं आणि वरून दुकानदार सांगणार ही बाटली पण घ्यावी लागंल तरच बॅग, त्यापेक्षा हे बरं.

गाठी बघायची पद्धत सांगतो कारण बरेच जण रोप उपटून म्हणतात गाठीच नाहीत. उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात. 35-40 दिवसांचं पीक असताना, ओल असताना, खुरप्यानं रोपाच्या बाजूनं माती सैल करा, ढेकळासकट रोप उचला आणि बादलीत पाण्यात बुडवून ठेवा. माती आपोआप सुटते. मग एक गाठ घेऊन नखानं फोडा. आत लालसर गुलाबी दिसली तर ती चालू आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या रंगाचाच भाऊबंद. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम करत नाही. मुख्य मुळावर वरच्या भागात टपोऱ्या गुलाबी गाठी असतील तर युरियाची आठवण पण काढू नका.

आणि पिवळं पडलं म्हणून युरिया टाकता ना? आधी कोणती पानं पिवळी ते बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्राचा विषय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोह कमी पडलंय, चुनखडीच्या रानात पाणी साचलं की हे ठरलेलं, तिथं युरियाचं पोतं ओतलं तरी हिरवं होणार नाही, फेरस फवारावं लागतं.

राहिलं रायझोबियम, म्हणजे गाठीतल्या जिवाणूचं विकत मिळणारं पाकीट. सोयाबीन काही आपलं मूळचं पीक नाही, त्याचा जिवाणूही इथल्या मातीत पूर्वी नव्हता, तो बियाण्याबरोबर आणावा लागला. ज्या रानात पहिल्यांदाच सोयाबीन घ्यायचंय तिथं बीजप्रक्रिया चुकवू नका. द्रवरूप असंल तर 10 किलो बियाण्याला 100 मिली. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचं उरलेलं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. क्रम लक्षात ठेवा, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. आणि हे बियाणं डीएपीच्या दाण्यात कालवून एकाच पेटीतून पेरू नका, तिथं मात्र खरंच जिवाणू मरतात, मिठानं आणि अमोनियानं. खताची पेटी वेगळी, बियाण्याची वेगळी, खत बियाण्याच्या बाजूला दोन बोटं खाली पडलं पाहिजे. तिफणीनं पेरत असाल तरी हेच.

एक विसरत होतो, पाकीट घेताना तारीख बघा आणि दुकानात कुठं ठेवलंय ते पण बघा. मे महिन्यात 42 डिग्रीत पत्र्याखाली ठेवलेल्या बाटलीत जिवाणू नसतात, नुसतं पाणी असतं.

मोसंबीला दर बहाराला 10:26:26 देतो, ड्रीपमधून फॉस्फरिक ॲसिड पण सोडतो. आता दुकानदार मायकोरायझा घ्या म्हणायलाय, लई महाग आहे. घेऊ का?
— एक वाचक, ता. अंबड, जि. जालना

भाऊ, आत्ता नको. मायकोरायझा ही मुळाच्या आत-बाहेर राहणारी बुरशी, तिचे धागे मुळी पोचत नाही तिथून स्फुरद आणि जस्त आणून देतात. मोसंबीच्या मुळीला केसमुळ्या कमीच, म्हणून या झाडाला तर तिची फार गरज असते. पण इथंही सोयाबीनसारखाच व्यवहार आहे, ती बदल्यात साखर मागते. मातीत स्फुरद भरपूर साचलेलं असंल तर झाड तिला थारा देत नाही. 10:26:26 मधला मधला आकडा स्फुरदाचा आणि फॉस्फरिक ॲसिडमध्येही तेच, म्हणजे तुम्ही इतकी वर्षं स्फुरदाचा मारा केलाय, त्यातलं बरंचसं चुन्याशी बांधलं जाऊन पडून आहे, तरी उपलब्ध स्फुरदाचा आकडा रिपोर्टमध्ये वर आलेला असणार. अशा ठिकाणी महागाची बुरशी सोडली तरी ती मुळीत शिरणार नाही.

नवीन पानं बारीक, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळी येतायत का बघा. तसं असंल तर जस्ताची कमतरता आहे, आणि जास्तीचं स्फुरद हे तिचं एक कारण असतं. जस्त फवाराच, पण माती तपासून स्फुरद जास्त निघालं तर एखाद-दोन वर्षं ते कमी करा किंवा थांबवा. वाफ्यात शेणखत आणि पाला झाकून ठेवा, मूळची बुरशी मातीत असतेच, ती आपली आपण वाढते. आणि ड्रीप साफ करायला ॲसिड किंवा क्लोरीन सोडता त्याच्या दोन दिवस मागं-पुढं कोणतंच जैविक सोडू नका, मग ते कितीही भारी कंपनीचं असो.

खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेल्या पिकात) पाचट म्हणजे वाळका पाला ठेवलं तर ऊस पिवळा पडतो, गेल्या साली पाहिलं. म्हणून यंदा पेटवून दिलं. शेजारी म्हणतो जिवाणू जाळले तुम्ही.
— एक वाचक, ता. केज, जि. बीड

शेजारी अर्धा बरोबर आहे. आगीची धग मातीत फार खोल जात नाही, वरच्या बोटभर थरातले जिवाणू जातात आणि खालचे वर येतात. खरं नुकसान वेगळंच, पाचटातला कार्बन गेला, नत्र आणि गंधक बहुतेक सगळं धूर होऊन गेलं. म्हणजे जिवाणू जाळले नाहीत, त्यांचं धान्याचं कोठार जाळलं.

पिवळं का पडलं ते समजून घ्या, यात पूर्ण विषयाची किल्ली आहे. पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंच्या अंगात आठेक भाग कार्बनला एक भाग नत्र असतो. पाचटात मात्र एका भाग नत्रामागं शंभराच्या आसपास कार्बन. खायला ढीगभर मिळालं, पण अंग धरायला नत्र नाही, मग ते मातीतला नत्र उचलतात, जो उसासाठी होता. ऊस पिवळा दिसतो. काही आठवड्यांनी पाचट कुजत आलं की हे जिवाणू मरतात आणि तोच नत्र परत मोकळा होतो, पण तोवर आपला धीर सुटलेला असतो आणि काडी ओढलेली असते.

उपाय म्हणजे इथं जिवाणूंना युरियाच द्यायचा. होय, व्हिडिओतल्या काकांच्या अगदी उलट. टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन, ही शिफारस आपल्या राज्यात जुनी आहे. एकरी तीन-चार टन पाचट धरा आणि हिशोब करा. पाचट सरीत पसरायचं, बुडखे मोकळे करायचे, वर युरिया आणि सुपर टाकायचं, संवर्धन शेणकाल्यात कालवून शिंपडायचं आणि पाणी द्यायचं. उसाचा नेहमीचा डोस वेगळा, तो कमी करू नका. पाण्याची बचत होते ती वेगळीच, आणि बीड-लातूरकडं त्याची किंमत मी काय सांगावी.

मी जीवामृत घरीच करते, दर पंधरा दिवसाला कपाशीला देते. पण मालक युरिया पण टाकतात. त्यांचं म्हणणं दोन्ही पाहिजे, माझं म्हणणं युरियानं माझं जीवामृत वाया जातंय. कोण बरोबर?
— एक वाचक भगिनी, ता. कळंब, जि. धाराशिव

ताई, भांडण लावायचं नाही मला, पण थोडे थोडे दोघंही बरोबर आहात. 200 लिटरच्या ड्रममध्ये 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती एवढं धरलं तर सगळ्यात मिळून नत्र 200 ग्रॅमच्या आसपास भरतो. कोरडवाहू बीटी कपाशीची शिफारस एकरी 48 किलो नत्राची आहे. तेव्हा नत्रासाठी नुसत्या जीवामृतावर राहिलात तर कपाशी ऑक्टोबरात लाल पडून हसायला लागंल. तुमचं काम वेगळं आहे, गूळ-बेसनावर वाढलेले जिवाणू तुम्ही रानात सोडता, आणि तो गूळ संपला की त्यांना पुढं खायला लागतं. रानात शेणखत, कुजका पाला, तणाचं आच्छादन काही असंल तर ते टिकतात, नसंल तर आठवडाभरात उपाशी मरतात, मग मालकांनी युरिया टाकलेला असो की नसो. म्हणून आधी तण काढून बांधावर न फेकता ओळीतच टाका.

एवढं मात्र मालकांना सांगा की ज्या दिवशी युरिया तुम्ही टाकाल त्या दिवशी मी ड्रम उघडणार नाही. सात-आठ दिवसांचं अंतर ठेवा. आणि युरिया जीवामृतातच विरघळवून द्यायचा जुगाड करत असतील तर तो तेवढा बंद करा.

हळदीला ड्रीपमधून ट्रायकोडर्मा आणि 12:61:00 खत एकदाच सोडलं तर चालतं का? मजूर वाचतो.
— एक वाचक, ता. वसमत, जि. हिंगोली

नाही. टाकीत खताचं पाणी दाट असतं आणि त्या खारटपणात ट्रायकोडर्माचे बरेच बीजाणू निकामी होतात. आधी खत, चार-पाच दिवसांनी ट्रायकोडर्मा किंवा परभणी विद्यापीठाचं बायोमिक्स हे जैविक मिश्रण, नुसत्या पाण्यात. कंदकुजीवर मारलेलं बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा यांच्यात तर त्याहून जास्त अंतर ठेवा, ट्रायकोडर्मा पण बुरशीच आहे हे लोक विसरतात.

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरात आमची दोन एकर वरची काळी वाहून गेली, खाली चोपण पिवळी माती उघडी पडली. पंचनामा झाला, मदत पण आली. आता जिवाणू नाहीत म्हणून खत डबल टाकायला पाहिजे असं एकानं सांगितलं.
— एक वाचक, ता. परंडा, जि. धाराशिव

काका, डबल अजिबात नको. जिवाणूंची दाटी असते ती वरच्या सहा इंचात, कारण मुळ्या, पाला, हवा सगळं तिथंच. तोच थर गेला. खालच्या मातीत जिवाणू आहेत पण विरळ, आणि कर्ब जवळजवळ नाही. अशा मातीला खत धरून ठेवायची ताकदच कमी, जास्तीचं टाकलेलं पुढच्या पावसात निचरून जाणार किंवा पाणी साचलं तर नायट्रेटचा वायू होऊन उडून जाणार. पाणी तुंबलं की हवा संपते, आणि मग काही जिवाणू श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेटच वापरतात, त्याचा शेवटी नायट्रोजन वायू होतो. त्या पुरानंतर जी सोयाबीनं पिवळी पडून बसली त्यातलं हे पण एक कारण.

पहिल्या वर्षी पैसे देणाऱ्या पिकाचा नाद सोडता आला तर सोडा, हे बोलायला सोपं आहे मला माहितेय. ताग किंवा धैंचा पेरा, फुलावर यायच्या सुमारास गाडा, त्याच्यावर रब्बीला हरभरा घ्या, बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावून. रान नुसतं मोकळं ठेवलं तर मायकोरायझा आणखी कमी होते, तिला जिवंत मुळी लागते. तळ्यातला गाळ मिळत असंल तर आणा पण थोडा, त्यात चिकणमाती असते, कर्ब प्रत्येक तळ्यात वेगळा, तपासून घ्या. दोन एकरात दोन ट्रॉली चांगल्या रानातली माती शेणखतात मिसळून पसरली तर बियाण्यासारखं काम होतं. खत शिफारशीएवढंच, आणि हप्ते जास्त.

मी बीएस्सी ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅबशिवाय गावात जिवाणू आहेत की नाहीत हे दाखवायची काही पद्धत आहे का? आजोबा ऐकतच नाहीत.
— एक विद्यार्थी, परभणी

आहे की. जुन्या सुती धोतराचे सारखे चार तुकडे करा, वीतभर लांब-रुंद. टेरिकॉट नको, ते शंभर वर्षं कुजणार नाही. पाऊस होऊन ओल झाली की दोन तुकडे आजोबांच्या बॅगवाल्या रानात आणि दोन तुकडे उकिरड्याजवळच्या किंवा शेणखत पडलेल्या रानात, पाच-सहा इंच खोल, आडवे गाडा. एकाच दिवशी, सारख्या खोलीवर. साठ दिवसांनी काढा. जिवंत मातीत काठ आणि शिवणीचा दोरा उरेल कदाचित, बाकी जाळी झालेली असंल. उपाशी मातीत कापड धुऊन परत नेसता येईल असं निघतं.

पण निकाल हुशारीनं वाचा, परीक्षेत विचारतील. सुती कापड म्हणजे निव्वळ सेल्युलोज, त्यात नत्र जवळजवळ नाही. त्यामुळं कुजवणाऱ्या बुरशीला नत्र मातीतून लागतो, आणि युरिया टाकलेल्या रानात कापड कधी कधी लवकर कुजलेलं निघतं. तसं झालं तर आजोबा जिंकले म्हणून हिरमुसू नका, त्यांना पुढचा प्रयोग सांगा, त्याच रानात एका पट्ट्यात युरिया अधिक शेणखत, दुसऱ्यात नुसता युरिया, तिसऱ्यात काहीच नाही. एका पट्ट्यात किमान तीन तुकडे, म्हणजे एखादा उंदरानं नेला तरी हिशोब चुकत नाही. कापड काढल्यावर सावलीत वाळवा, माती झटकून वजन करा, सराफाच्या काट्यावर केलं तर उत्तम, गाडायच्या आधीचं वजन वहीत लिहिलेलं पाहिजे. आणि प्रत्येक जागेवर खुंटी ठोकून चिंधी बांधा, नाहीतर कोळपणीत तुमचा प्रयोग फासेला गुंडाळून बांधावर येतो.